पेटीत एक कार्ड घाला

प्रति,
माननीय भारतीय औषध महानियंत्रक,
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली



मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र अर्ध्यावर बाजूला पडलं तरी हरकत नाही. आमवात, मणक्याचा संधिवात, सोरायसिस, आतड्यांचा जुनाट दाह अशा आजारांवर जी बायोलॉजिक इंजेक्शनं विकली जातात, त्यांच्या प्रत्येक पेटीत पेशंटने खिशात बाळगायचं एक कार्ड घालणं कंपन्यांना सक्तीचं करा. ते पेशंटला वाचता येईल अशा भाषेत असावं. त्यावर औषधाचं नाव, ब्रँड, बॅच नंबर आणि सुरू केल्याची तारीख असावी. शिवाय, हा माणूस दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेला तर त्या डॉक्टरने काय ध्यानात घ्यावं, हे चार ओळींत लिहिलेलं असावं.

मी मिरजेत औषधाचं दुकान चालवतो. नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नव्हे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. इकडे जत, कवठेमहांकाळ, तिकडे अथणी, रायबाग, चिकोडी इथून पेशंट येतात आणि केबिनमधून बाहेर पडले की थेट आमच्या काउंटरवर. डॉक्टरला विचारायचं राहिलेलं आम्हाला विचारतात. एकाच माणसाच्या तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या बघायची वेळ बहुतेक वेळा केमिस्टवरच येते. हे पत्र त्या काउंटरवरून लिहितोय.

ही इंजेक्शनं पूर्वी आमच्यासारख्या गावात दिसायची नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये झायडस कॅडिलाने अडॅलिमुमॅब या बायोलॉजिकचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं औषध, बाजारात आणलं. जगातलं ते पहिलं. मग इतर कंपन्या आल्या, भाव उतरले आणि आमच्या फ्रीजमध्ये दोन ते आठ डिग्रीच्या कप्प्यात या पेट्या कायमच्या येऊन बसल्या. औषध गुणी आहे यात वाद नाही. मोज्याची गाठ ज्यांना मारता येत नव्हती असे लोक दोन-तीन डोसांनंतर स्वतः मोटारसायकल हाणत पुढचं इंजेक्शन न्यायला येतात. तेव्हा औषध बंद करा, असं मी म्हणत नाही. भीतीपोटी मधेच सोडून देणाऱ्यांचे हालही मी पाहिले आहेत.

प्रश्न वेगळाच आहे. साध्या गोळीचा दुष्परिणाम ओळखायला सोपा असतो. पित्त होतं, अंगावर गांधी उठतात, चक्कर येते, आणि माणूस गोळीला दोष देतो. या औषधांचा दुष्परिणाम दुसऱ्याच आजाराचं रूप घेऊन येतो. तो महिन्यांनी येतो, शरीराच्या भलत्याच भागात येतो, आणि भलत्याच डॉक्टरपुढे जाऊन उभा राहतो.

जतकडच्या एका तरुणाचं सांगतो. मणक्याचा संधिवात, पंधरा दिवसांतून एकदा पोटावर इंजेक्शन. थर्माकोलचा डबा घेऊन यायचा, आम्ही आत आइस पॅक घालून द्यायचो. काही महिन्यांनी तो वेगळ्याच डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आला. मानेतल्या गाठीचा टीबी, एकेटी म्हणजे टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या. चिठ्ठीवर संधिवाताचा उल्लेख नाही. गोळ्या काढत असताना तो म्हणाला, ‘आणि फ्रीजमधलं पण एक द्या, तारीख झाली.’ मी हात थांबवला. इंजेक्शनचं या डॉक्टरांना सांगितलंस का, विचारलं. तर म्हणतो, ‘त्ये पाठीचं हाय की. ह्यांनी गाठीचं इचारलं.’ त्या दिवशी इंजेक्शन दिलं नाही, दोन्ही डॉक्टरांना दुकानातूनच फोन लावून दिले. त्यांनी मिळून काय ते ठरवलं. पोरगा आज ठणठणीत आहे. पण त्याचं बोलणं मला चुकीचं वाटत नाही. पाठीचं औषध पाठीचं, असंच कोणीही समजेल. दुसऱ्या डॉक्टरांनाही बोल लावता येत नाही. त्यांच्यापुढे मानेला गाठ असलेला जवान मुलगा होता, आणि आपल्याकडे अशी गाठ दिसली की पहिला संशय टीबीचाच येतो.

साहेब, ही इंजेक्शनं दडलेला टीबी जागा करू शकतात ही गोष्ट आपल्याला नवी नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं मागे जातो. शरीरातलं टीएनएफ नावाचं द्रव्य अडवलं तर आमवात आटोक्यात येतो, हे लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी दाखवलं. १९९२ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटना टीएनएफ अडवणारं औषध टोचलं. १९९८ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब आणि पाठोपाठ एटॅनरसेप्ट यांना अमेरिकेत मंजुरी मिळाली. २००१ मध्ये जोसेफ कीन आणि सहकाऱ्यांनी इन्फ्लिक्सिमॅब घेतल्यावर टीबी झालेल्या ७० जणांची हकीकत छापली. तोवर जगभरात सुमारे १ लाख ४७ हजार लोकांनी ते औषध घेतलेलं होतं. निम्म्यांना साधारण बारा आठवड्यांच्या आतच टीबी झाला होता, आणि ७० पैकी ४० जणांचा टीबी फुप्फुसाच्या बाहेर होता. म्हणजे खोकला नाही, थुंकीत जंतू नाही, आणि डॉक्टरची दिशाभूल होणार.

कारण समजायला अवघड नाही. टीबीचा जंतू आत शिरला तरी बहुतेकांना आजार होत नाही. शरीर त्याच्याभोवती पेशींचं कडं घालून त्याला तिथेच डांबून ठेवतं. वर्षानुवर्षं तो तसाच पडून असतो. ते कडं टिकवून धरण्याचं काम टीएनएफ करतं. सांध्यांची आग विझवायला आपण टीएनएफ काढून घेतो, आणि तिकडे छातीतल्या किंवा गाठीतल्या कैद्याचा दरवाजा उघडतो.

स्पेनने यावर लवकर उपाय केला. बायोलॉजिक घेणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही तिथे आधीच होती. २००२ मध्ये, औषध सुरू करण्याआधी दडलेला टीबी शोधा आणि असेल तर त्याचा इलाज करा, अशा सूचना निघाल्या. त्यानंतरच्या नव्या पेशंटांत टीबीचं प्रमाण ७८ टक्क्यांनी उतरलं. नोंदवही होती म्हणूनच हा आकडा सांगता येतो, हे विसरू नये.

आपल्याकडेही डॉक्टर औषध सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, मांटू किंवा रक्ताची तपासणी करतात. सरकारच्या २०२१ च्या टीबी प्रतिबंधक उपचारांच्या सूचनांतही अँटी-टीएनएफ घेणाऱ्यांचा समावेश आहे. पण जगातले साधारण पाव टीबी पेशंट या एका देशात आहेत. सुरुवातीची चाचणी निगेटिव्ह आली ती त्या दिवसापुरती. पुढच्या महिन्यात एसटीत शेजारी कोण बसेल, त्यावर चाचणीचा काय ताबा? शिवाय ही माणसं आधीच स्टिरॉइडवर असतात, आणि स्टिरॉइड चालू असताना चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. स्पेनमध्ये सुरुवातीची चाळणी बऱ्याच अंशी पुरली. इथे औषध चालू असेपर्यंत डोळा ठेवावा लागतो, आणि तो ठेवणारा डॉक्टर तोच असेल याची खात्री नसते.

टीबीचं तरी सगळ्यांना माहीत आहे. बाकीचे प्रकार ऐकले की माणूस चक्रावतो. ज्या औषधाने सोरायसिस बरा होतो त्याच औषधाने एखाद्याला नव्याने सोरायसिस उठतो. आतड्याच्या आजारासाठी इंजेक्शन घेणाऱ्याच्या तळहातांवर, तळपायांवर पूभरल्या फुटकुळ्या येतात. टीएनएफ एका बाजूने दाह पेटवतं तसं दुसऱ्या बाजूने इंटरफेरॉन नावाच्या द्रव्याला लगामही घालत असतं. लगाम सुटला की कातडी पेटते. पेशंट मात्र साबण बदलतो, कातडीच्या डॉक्टरकडे जातो, मलम नेतो. मलमाची चिठ्ठीही माझ्याकडेच येते.

आयएल-१७ अडवणाऱ्या औषधांचं तसंच. आयएल-१७ तोंडातल्या, आतड्यातल्या अस्तरावर बुरशीविरुद्ध पहारा देतं, म्हणून ते अडवलं की तोंड येतं, जिभेवर पांढरा थर चढतो. त्यातलंच सेक्युकिनुमॅब आतड्याच्या क्रोन्स या आजारावर वापरून पाहिलं गेलं. २०१२ मध्ये त्या चाचणीचा निकाल छापून आला. औषध लागू पडलं नाहीच, उलट नुसतं पाणी टोचलेल्यांपेक्षा औषध टोचलेल्यांचे हाल जास्त झाले. सोरायसिसच्या पेशंटला पातळ जुलाब सुरू झाले तर ते गाड्यावरच्या भेळेचे की इंजेक्शनचे, हे त्याच्या गावातल्या डॉक्टरने कसं ओळखायचं?

आणि टोसिलिझुमॅब. हे आयएल-६ अडवतं. रक्तात दाहाची खूण म्हणून तपासतात ते सीआरपी यकृत तयार करतं ते मुख्यतः आयएल-६ च्या सांगण्यावरून. हे औषध घेणाऱ्याच्या अंगात मोठा जंतुसंसर्ग असला तरी सीआरपीचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, तापही फारसा चढत नाही. आतड्याला भोक पडल्याच्याही नोंदी आहेत. रात्री पोट दुखतंय म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात गेलेल्या बाईचा सीआरपी नॉर्मल बघून तिला गॅसची गोळी देऊन घरी पाठवलं, तर त्या डॉक्टरने पुस्तकाबाहेरचं काही केलेलं नसेल. त्याला फक्त एक गोष्ट माहीत नसेल, तिचं इंजेक्शन.

औषध आणि आजार यांचा संबंध माहीत नसला की मोठमोठ्या इस्पितळांतही काय घडतं, त्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. नॅटालिझुमॅब हे मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं औषध २००४ च्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झालं आणि फेब्रुवारी २००५ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं, कारण ते घेणाऱ्यांत पीएमएल हा मेंदूचा भयंकर संसर्ग दिसला. त्याच औषधाच्या क्रोन्सवरच्या चाचणीत बेल्जियमचा एक पेशंट होता. तो २००३ मध्येच वारला होता, आणि निदान झालं होतं मेंदूतल्या गाठीचं. २००५ ची बातमी आल्यावर त्याच्या डॉक्टरांनी जपून ठेवलेला मेंदूचा नमुना पुन्हा काढून तपासला. गाठ नव्हतीच, तो पीएमएल होता. रक्ताचे जुने नमुनेही ठेवलेले होते. लक्षणं दिसण्याच्या दोन महिने आधीपासून त्यांत पीएमएल घडवणारा जेसी विषाणू सापडत होता. नमुने फेकले असते तर तो माणूस आजही ब्रेन ट्यूमरच्या खात्यात राहिला असता. नॅटालिझुमॅब २००६ मध्ये कडक अटी घालून परत आणलं. सोरायसिसवरचं एफालिझुमॅब याच पीएमएलपायी २००९ मध्ये कायमचं गेलं.

आता आपल्या घरातलं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मिरजेत किंवा पुण्यात क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब घेणारी सून सातव्या महिन्यात माहेरी जाते. तिथली प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर, तिथली डॉक्टरीणबाई हिला पोरगी म्हणून ओळखतात, पेशंट म्हणून नाही. बाळ होतं, आणि राष्ट्रीय कार्यक्रमाप्रमाणे घरी जायच्या आत त्याच्या डाव्या दंडावर बीसीजी टोचली जाते. बीसीजीत जिवंत जंतू असतो. आणि इन्फ्लिक्सिमॅब वारेतून बाळाच्या रक्तात उतरतं, महिनोन्महिने तिथे राहतं. गरोदरपणात हे औषध घेतलेल्या आईचं एक बाळ ब्रिटनमध्ये तिसऱ्या महिन्यात बीसीजी दिल्यावर तो जंतू अंगभर पसरून साडेचार महिन्यांचं होऊन दगावलं. २०१० मध्ये ती केस छापली गेली. तिथे तिसऱ्या महिन्यात दिली, इथे आपण जन्मतःच देतो. त्या सिस्टरची यात काडीचीही चूक नसेल. लस वेळेवर दिली म्हणून तिचं कौतुकच होईल. मुलीच्या पर्समध्ये कार्ड असतं, तर बीसीजी थांबवा, आधी डॉक्टरांना विचारा, एवढं तरी सिस्टरने वाचलं असतं. बाकी सगळं सोडलं तरी या एका कारणासाठी कार्ड सक्तीचं व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

एक दुष्परिणाम फार्मसीच्या पुस्तकातून कमी आणि खिशातून जास्त येतो. डॉक्टर दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन घ्यायला सांगतात. पेशंट उसाचं बिल कारखान्याकडून आलं की दोन इंजेक्शनं एकदम नेतात, मग तीन महिने दर्शन नाही. ही औषधं म्हणजे शरीराला परकी प्रथिनं. खंड पाडून घेतली की शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं करतं. इन्फ्लिक्सिमॅबच्या बाबतीत तर हे नीट सिद्ध झालेलं आहे. मग पुढचा डोस एक तर वाया जातो, नाही तर सलाईन चालू असतानाच थंडी वाजून, छाती भरून येते. पेशंट म्हणतो औषध डुप्लिकेट निघालं. डॉक्टर म्हणतात गुण येईना, दुसरं लिहू. खंड पडलाय हे माझ्या बिलबुकात स्पष्ट दिसतं, पण तिथून ते कुठेच जात नाही.

बिलबुकावरून आठवलं. मार्च २०१४ पासून आम्ही एच-वन रजिस्टर ठेवतो. टीबीच्या गोळ्या विकल्या की पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, संख्या, सगळं लिहून तीन वर्षं जपायचं. योग्यच आहे. पण गंमत बघा, त्या जतच्या पोराच्या टीबीच्या गोळ्या रजिस्टरात चढल्या, आणि ज्याने तो टीबी जागा केला असण्याची शक्यता आहे ते इंजेक्शन रजिस्टरात नाही. बॅच नंबर बिलावर असतो. बिल थर्माकोलच्या डब्यात ओलं होतं आणि डब्याबरोबर जातं.

बॅच आणि ब्रँड यांचा मी इतका हट्ट का धरतो? कारण बायोलॉजिक जिवंत पेशींत बनतं, आणि बनवण्यातला बारीकसा फरकही अंगावर येऊ शकतो. एप्रेक्स हे किडनीच्या पेशंटांना रक्तवाढीसाठी देतात ते औषध. १९९८ मध्ये युरोपात त्यातलं मानवी अल्ब्युमिन काढून पॉलिसॉर्बेट ८० घातलं. पुढच्या काही वर्षांत ते टोचून घेणाऱ्या काहींच्या शरीरात अशी प्रतिपिंडं तयार झाली की तांबड्या पेशी बनणंच बंद पडलं. फ्रान्समधल्या १३ पेशंटांवरचा लेख २००२ मध्ये आला. कोणत्या पेशंटला कोणत्या कंपनीचं औषध मिळालं हे लिहून ठेवलेलं होतं म्हणून धागा सापडला. आपल्याकडे एकाच औषधाचे अनेक ब्रँड आहेत. कधी स्वस्त पडतं म्हणून, कधी स्टॉकिस्टकडे माल नाही म्हणून पेशंट वर्षात दोन ब्रँड बदलतो. त्याला विचारा कोणतं घेतोस, तर म्हणेल, ‘ते निळ्या पेटीतलं.’

बायोसिमिलरच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत बाजारात आल्यावर दोन वर्षांत किमान २०० पेशंटांचा अभ्यास करायला सांगितलं, ते चांगलं पाऊल होतं. पण हिशेब मांडून बघा. हजारात एकाला होणारा दुष्परिणाम २०० जणांत एकदाही न दिसण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर आहे. आणि कीन यांच्या लेखातल्या नोंदी दोन हजारांत एक याच्याही खाली पडतात. असले प्रकार अभ्यासात सापडत नाहीत, ते सापडतात गावोगावच्या दवाखान्यांत, कोणी कळवलं तर.

कळवायची सोय आपल्याकडे आहे, हे मी मान्य करतो. २०१० पासून औषध-दक्षता कार्यक्रम चालू आहे, गाझियाबादला त्याचं राष्ट्रीय केंद्र आहे, पेशंटला स्वतः भरता येईल असा फॉर्म आहे, १८००-१८०-३०२४ हा फुकट नंबर आहे. माझ्या काउंटरवर मी तो चिकटवून ठेवलाय. पण फोन करायचा तर आधी संशय यायला हवा, आणि पाठीच्या इंजेक्शनाचा संशय मानेच्या गाठीवरून कोणाला येत नाही. फॉर्ममध्ये ब्रँड आणि बॅच विचारली की निळी पेटी आठवते. कार्ड हातात असेल तर हा फॉर्म पाच मिनिटांत भरून होईल. सरकारच्या नि-क्षय या टीबी नोंदणी पोर्टलवर पेशंट नोंदवताना एचआयव्ही आणि मधुमेह विचारतात. त्याच दमात बायोलॉजिक कोणतं, बॅच कोणती, हेही विचारायला लावा. ते आपल्या खात्यात येत नाही, मंत्रालय मात्र एकच आहे.

कंपन्या म्हणतील, पेटीत माहितीपत्रक आहेच. आहे. घड्या उलगडल्या की काउंटरभर पसरतं, इंग्रजीत, आणि अक्षर असं की मला चष्म्यावर भिंग धरावं लागतं. ते लिहिलंय वकिलांसाठी. दुसरं म्हणतील, कार्ड वाचून पेशंट घाबरेल. युरोपात अडॅलिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांना असं कार्ड देणं बंधनकारक आहे, आणि तिथे ही औषधं खपायची थांबलेली नाहीत. खरं तर घाबरतो तो अर्धवट ऐकलेला पेशंट. कोणी तरी सांगतं ‘त्याने टीबी होतो’, आणि हा इंजेक्शन सोडून परत वाकायला लागतो. ताप दोन आठवडे राहिला, वजन उतरलं, गाठ आली, हातापायाला मुंग्या आल्या किंवा दिसायला अंधूक झालं तर कोणाकडे जा, हे लिहून दिलेलं असलं की माणूस औषध धीराने घेतो.

खर्चाचं कोणी काढू नये. हजारो रुपयांच्या पेटीत पुठ्ठ्याचा एक तुकडा.

मी वाट न बघता दुकानातल्या प्रिंटरवर एक कार्ड छापून प्रत्येक पेटीबरोबर द्यायला सुरुवात केली आहे. मिरजेतल्या एका रुमॅटॉलॉजिस्ट बाईंनी मजकूर तपासून दिला, आणि लसींची ओळ त्यांनी लाल शाईत वर घ्यायला लावली. नमुना सोबत जोडला आहे. पुढच्या बाजूला मराठी, मागे कन्नड. बॅच नंबरसाठी सहा चौकोन ठेवले होते, ते कमी पडतात असं पहिल्याच आठवड्यात दिसलं, म्हणून आता कोरी रेघ ठेवली आहे. आपल्याकडच्या तज्ज्ञांना मजकुरात काही खटकलं तर जरूर कळवा, मी लगेच बदलून छापीन.



आपला,
एक औषध विक्रेता, मिरज